वेबसाइटचं नाव घेण्याआधी: विकणाऱ्यांसाठी आणि बोलणाऱ्यांसाठी

दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं यावर घरात महिनाभर खल होतो. काका एक नाव सुचवतात, भाऊजी त्यात खोट काढतात, शेवटी कुणालातरी विचारून अक्षर ठरतं. त्याच दुकानाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मात्र घरातलं पोरगं रात्री पडल्या पडल्या मोबाइलवर घेऊन टाकतं. पाच मिनिटांचं काम, हजारभर रुपयांच्या आसपास खर्च. धंदा बसेपर्यंत कुणी काही विचारत नाही. तो बसला, गुगलवर नाव वर यायला लागलं, की मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या वकिलाची नोटीस येते: आमच्या अशिलाचं नाव तुम्ही वापरताय, सात दिवसांत डोमेन आमच्याकडे द्या.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. एक, जो काहीतरी विकणार आहे: चप्पल, मसाला, चांदी, पंपाचे स्पेअर. दुसरा, ज्याला काहीतरी बोलायचंय: बिल्डरनं फसवलं, कारखान्यानं बिलं थकवली, किंवा कोल्हापूरच्या पेठेतल्या फुटबॉल संघाचं कौतुक करायचंय. दोघंही डोमेनच घेतात, पण कायदा दोघांकडे वेगवेगळ्या नजरेनं बघतो. पत्ता वाचून माणसाला ही साइट कुणाची वाटते, आणि त्या वाटण्यावर तुम्ही काय कमावता, या दोन प्रश्नांपाशी जवळपास प्रत्येक भांडण येऊन थांबतं. खालच्या पायऱ्या चढताना हे दोन प्रश्न हाताशी ठेवा.

पहिली पायरी: कशासाठी घेताय, ते एका ओळीत लिहा

खरंच कागदावर लिहा. "मी माझा मसाला विकणार." "मी अमुक कंपनीचे पंप दुरुस्त करणार." "मी अमुक बिल्डरच्या ग्राहकांच्या तक्रारी एकत्र करणार." ही ओळ पुढं नोटिशीच्या उत्तरात कामी येते.

ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ चा, पण त्याचा अंमल सुरू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. (पुढं नुसतं 'कलम' म्हटलं की याच ॲक्टचं.) त्याच्या कलम २९ प्रमाणे उल्लंघन ठरायला दुसऱ्याच्या चिन्हाचा वापर व्यापाराच्या ओघात झालेला असावा लागतो. निव्वळ मत मांडणाऱ्याला इथं बरीच मोकळीक आहे. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) चं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण त्याच्या पाठीशी आहेच. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या टाटा प्रेसच्या निकालात जाहिरातीलाही या कलमाची सावली दिली, पण फसव्या जाहिरातीला नाही. म्हणजे विकणाऱ्यालाही अभिव्यक्ती आहे, फक्त गिऱ्हाइकाची दिशाभूल करून नाही.

दुसरी पायरी: डोमेन रिकामं आहे म्हणजे नाव मोकळं आहे असं नव्हे

सगळ्यात जास्त गैरसमज इथं होतो, म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, साइटवर नाव टाकता, हिरवी खूण येते, पैसे भरता. त्या हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की ही अक्षरं याच क्रमानं अजून कुणी घेतलेली नाहीत. ट्रेडमार्क कुणाचा आहे हे रजिस्ट्रार तपासत नाही. उलट पैसे भरताना ज्या अटींवर तुम्ही न वाचता टिचकी मारता, त्यात तुम्ही स्वतःच लिहून दिलेलं असतं की माझ्या माहितीप्रमाणे या नावानं कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही. डॉट कॉमसारख्या नावांसाठी वादाची जी समान पद्धत आहे, ती मानल्याचंही तिथंच लिहून दिलेलं असतं.

तेव्हा आधी आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावरच्या ट्रेडमार्क शोधात जा. तो फुकट आहे. तिथं माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत आणि शोध वर्गवार चालतो. चप्पल २५ मध्ये, दागिने १४ मध्ये, दूध आणि दुधाचे पदार्थ २९ मध्ये, मसाले आणि साखर ३० मध्ये, दुकानदारी आणि जाहिरात ३५ मध्ये, हॉटेल-खानावळ ४३ मध्ये. एकच वर्ग बघून थांबू नका. ऑनलाइन मसाला विकणाऱ्यानं ३० बरोबर ३५ पण बघावा.

आता मराठी नावांची खरी अडचण. समजा मसाल्याला 'पैलवान' म्हणायचंय. रोमन लिपीत हे नाव लिहायला बसलात तर मध्ये एच घालणारे आहेत, न घालणारे आहेत, व साठी कुणी डब्ल्यू वापरतो, कुणी व्ही, आणि हिंदीवाला 'पहलवान' असंच लिहिणार. डोमेनच्या दृष्टीनं ही पाच-सहा वेगळी नावं, सगळी मोकळी असू शकतात. कानाला मात्र एकच, आणि कोर्ट डोळ्याबरोबर कानही लावतं. म्हणून शोधात शब्दाचा पर्याय वापरून झाला की ध्वनिसाम्याचाही पर्याय वापरा. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' विरुद्ध 'रॅडिफ' अशीच लढत झाली. एका अक्षराचा फरक होता. रॅडिफवाल्याला नाव वापरण्यापासून रोखलं गेलं. त्याच वर्षी दिल्लीत 'याहूइंडिया डॉट कॉम' घेणाऱ्याचंही तेच झालं. नेटवरची माणसं शिकलेली असतात, ती फसणार नाहीत, हा युक्तिवाद चालला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा शब्द ६ मे २००४ चा आहे. सत्यम इन्फोवेचं 'सिफी' आणि दुसऱ्या कंपनीचं 'सिफीनेट', एफ एक जास्त आणि पुढं 'नेट'. डोमेनच्या वादासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही हे मान्य करून न्यायालयानं सांगितलं की डोमेन हा नुसता पत्ता राहिलेला नाही, ती धंद्याची ओळख आहे, आणि तिला पासिंग ऑफचं, म्हणजे एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपवण्याविरुद्धचं, संरक्षण मिळेल.

पासिंग ऑफला नोंदणी लागत नाही, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडवर तीस वर्षं चालणाऱ्या दुकानानं ट्रेडमार्क कधीच काढला नसेल, साइटही नसेल, तरी कलम २७(२) प्रमाणे त्याला दाद मागता येते. तेव्हा गुगल मॅप, इन्स्टाग्राम बघा आणि सरळ गावात चौकशी करा. सरकारी शोधात सापडलं नाही म्हणजे कुणी नाही, असं धरू नका. तसंच शोधात एखाद्या अर्जापुढं 'ऑब्जेक्टेड' दिसलं म्हणजे तो मेला असंही नाही. अर्जावर परीक्षकानं शंका काढली, एवढाच त्याचा अर्थ. ती फिटूही शकते.

तिसरी पायरी: सगळ्यांची नावं कुणा एकाची होत नाहीत

'कोल्हापुरी' हा शब्द घालून डोमेन घेतलं तर चालतं का, असं दर दुसरा माणूस विचारतो. चालतं, पण त्यावर मालकी मिळेल ही आशा सोडा. निव्वळ गाव सांगणारा किंवा मालाचं वर्णन करणारा शब्द कलम ९ प्रमाणे सहसा ट्रेडमार्क म्हणून नोंदत नाहीत. 'कोल्हापुरी मिसळ' हे नाव तुम्ही घेतलं म्हणून शेजारच्याला त्याच्या साइटवर तेच शब्द वापरायला तुम्ही अडवू शकत नाही. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या साइटला हे मुंबई उच्च न्यायालयात ऐकावं लागलं: 'शादी डॉट कॉम' च्या कंपनीनं 'सेकंडशादी डॉट कॉम' वर मनाई मागितली आणि २०१६ मध्ये ती मिळाली नाही, कारण 'शादी' हा लग्नाचा साधा शब्द.

चपलेचं जरा वेगळं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालापुरतं राखलं गेलं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे आणि त्यात आठ जिल्हे येतात: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर; पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. याचा डोमेनशी संबंध असा की दुसरीकडून आणलेली रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' नावाच्या साइटवर विकलीत, तर ट्रेडमार्कवाला नाही, पण भौगोलिक निर्देशनाचा कायदा आडवा येऊ शकतो. (जून २०२५ मध्ये मिलानला प्राडानं आपल्यासारखी चप्पल रॅम्पवर आणली तेव्हा कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत 'आमचं जीआय असून काय उपयोग' असं बोललं गेलं. निर्देशन नावाला असतं, आकाराला नसतं. त्यांनी नाव घेतलंच नव्हतं.)

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि प्रतिमा १९५० च्या बोधचिन्हं व नावं यांच्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. धंद्यासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. गावात शंभर पाट्यांवर दिसतं म्हणून परवानगी लागत नाही, असं नाही.

देवाच्या नावाचं: 'रामायण' हे उदबत्तीला ट्रेडमार्क म्हणून एकट्याला देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ठरवलं. अंबाबाई, जोतिबा यांच्या नावांकडेही त्याच नजरेनं बघा. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. देवीच्या नावाचं डोमेन, वर मंदिराचा फोटो, खाली 'अभिषेक बुक करा'. गिऱ्हाइकाला ती पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचीच साइट वाटते. तसं वाटू देऊन पैसे घेणं हे ट्रेडमार्कच्या बाहेरही, सरळ फसवणुकीच्या कलमात बसू शकतं. पहिल्याच पानावर 'आमचा देवस्थान समितीशी संबंध नाही' हे ठळक लिहा, नाहीतर तसलं नाव घेऊच नका.

आडनावाला थोडा आधार आहे. कलम ३५ प्रमाणे स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला अडवता येत नाही. पण 'प्रामाणिकपणे' या शब्दाला किंमत आहे. अमेरिकेत उझी निसान नावाच्या गृहस्थांनी आपल्या आडनावाचं 'निसान डॉट कॉम' घेतलं, १९९९ मध्ये मोटार कंपनीनं दावा लावला. वर्षानुवर्षं पैसा घालून ते लढले आणि डोमेन त्यांच्याकडेच राहिलं, पण त्या साइटवर मोटारींच्या जाहिराती लावण्यावर त्यांना बंधन आलं. नाव तुमचं असलं तरी त्या नावाच्या मोटारींवर येणारं गिऱ्हाईक तुमचं नव्हे.

चौथी पायरी: दुसऱ्याचा ब्रँड नावात घालायचाच असेल तर

शिवाजी उद्यमनगरात पंपाचे सुटे भाग करणारे, राजारामपुरीत मोबाइल दुरुस्त करणारे, यांची अडचण खरी असते. गिऱ्हाईक ब्रँडच्या नावानंच शोधतं. कायदाही एवढा आंधळा नाही: हा भाग अमुक यंत्राला बसतो हे सांगण्यापुरता ब्रँडचा उल्लेख कलम ३० मध्ये चालतो. पण ते मालाच्या वर्णनात. डोमेनमध्ये घालायचं तर २००१ पासून डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवणारे जगभरचे लवाद 'ओकी डेटा' नावाच्या प्रकरणातल्या चार कसोट्या लावतात. त्या साइटवर तो माल किंवा सेवा खरंच द्यायला हवी. तिथं फक्त त्याच ब्रँडचा माल असावा, त्या नावानं ओढून दुसऱ्याचं विकू नये. कंपनीशी तुमचं नातं काय, हे ठळक लिहिलेलं असावं. आणि त्या ब्रँडची सगळी डोमेन गोळा करून कंपनीलाच जागा उरणार नाही, असं करू नये.

कसोट्या कागदावर सोप्या दिसतात. प्रत्यक्षात दुसऱ्या कसोटीतच बहुतेक जण अडकतात, कारण एका ब्रँडच्या सुट्या भागांवर इथं कुणाचं दुकान चालतं? माझा सल्ला: डोमेन स्वतःच्या दुकानाच्या नावाचं घ्या, ब्रँडचं नाव आतल्या पानाच्या शीर्षकात घाला. गुगलला तेवढं पुरतं. आणि 'अधिकृत' हा शब्द करारपत्र हातात असल्याशिवाय कुठंही लिहू नका.

पाचवी पायरी: टीका, थट्टा, चाहतेगिरी

आता बोलणाऱ्यांचं. समजा 'अमुक बिल्डर' नं ताबा दिला नाही आणि तुम्ही चाळीस फ्लॅटधारक मिळून साइट काढताय. दोन पर्याय समोर येतात: 'अमुकबिल्डर डॉट कॉम' मोकळं असेल तर तेच घ्यायचं, किंवा 'अमुकबिल्डरतक्रारी डॉट इन' असं काहीतरी.

पहिला पर्याय मोह पाडतो, कारण बिल्डरला शोधणारा प्रत्येक जण थेट तुमच्याकडे येईल. नेमकं त्याचसाठी तो धोक्याचा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत एकानं 'पेटा डॉट ऑर्ग' घेतलं आणि तिथं प्राणिमित्रांच्या संघटनेची थट्टा करणारी साइट उघडली, 'चविष्ट प्राणी खाणारे लोक' अशी. थट्टा मजेशीर होती, २००१ मध्ये तो हरला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं: विडंबनात एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत, हे त्यांच्यावर आहे आणि हे त्यांचं नाही. इथं पत्ता वाचून फक्त पहिलीच कळते, दुसरी आत गेल्यावर. उलट २००५ मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या कोर्टानं बॉस्ली नावाच्या केसरोपण कंपनीच्या नावाचं जसंच्या तसं डोमेन घेणाऱ्या नाराज ग्राहकाला ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर सोडवलं, कारण तो काही विकत नव्हता. म्हणजे नाव जसंच्या तसं घेतलं तर निकाल तुम्ही कुठल्या कोर्टात आहात त्यावर. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादांचा २०१७ पर्यंत जमलेला कल मात्र स्पष्ट आहे: आतला मजकूर टीकेचा असला तरी पत्ता हुबेहूब ब्रँडचा असेल तर तो तोतयेपणासारखा धरला जातो.

म्हणून शेपूट लावा, आणि ते पत्त्यातच दिसू द्या. 'तक्रारी', 'पीडित', 'ग्राहकमंच', 'नकोरेबाबा', काहीही. इंग्रजीत यासाठी 'सक्स' अशी हलकी शिवी लावायची पद्धत पडली. २००० मध्ये कॅनडातल्या एकाच माणसाची अशी दोन प्रकरणं वॉलमार्टनं त्याच लवादापुढं नेली. पहिल्यात त्याचं डोमेन गेलं, कारण नाव घेऊन कंपनीकडून पैसे काढायचा त्याचा डाव लवादाला दिसला. दुसऱ्यात, त्याच शिवीचं, वॉलमार्टमध्ये एक एल जास्त असलेलं नाव त्याच्याकडे राहिलं, आणि ती टीकेची जागा आहे हे मान्य झालं. माणूस तोच, दुकान तेच. फरक पडला तो हेतूच्या पुराव्यानं.

आपल्याकडचा निकाल २०११ चा. ओडिशातल्या धामरा बंदरामुळं ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीसनं एक ऑनलाइन खेळ काढला, त्यात कासव टाटांच्या चिन्हापासून पळतंय. टाटा सन्स दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं मनाई द्यायला नकार दिला: चिन्हाचा मालक टीकेचा विषय असेल तर ते चिन्ह दाखवल्याशिवाय टीका करायची कशी? अतिशयोक्ती झाली तरी तेवढ्यानं बोलणं थांबवायचं नसतं. हा निकाल डोमेनबद्दल नाही हे लक्षात ठेवा, पण नोटिशीच्या उत्तरात तुमच्या वकिलानं तो घालायलाच हवा.

आता तीन गोष्टी ज्यांनी चांगली टीकासाइट बुडते.

जाहिरात. टीकेच्या पानावर गुगलच्या जाहिराती लावल्यात, तर 'व्यापारी फायदा नाही' हे वाक्य तुमच्या हातून गेलं. त्यातही गंमत अशी की तुम्ही काही लावलं नसलं तरी डोमेन घेऊन रिकामं ठेवलं की रजिस्ट्रार आपोआप जाहिरातींचं पान दाखवतो, आणि लवाद ती जबाबदारी तुमच्यावर टाकतात. घेतल्या दिवशी एक साधं पान तरी चढवा.

लोगो आणि रंग. शीर्षकात बिल्डरचा लोगो, त्यांचेच रंग, त्यांचाच फॉन्ट लावला तर शेपटाचा उपयोग संपला. लोगोची गरज बातमीच्या फोटोपुरती.

बदनामी. इथं सगळे गोंधळतात. डोमेन हातात राहिलं म्हणजे आतला मजकूरही सुटला असं नाही. 'ताबा मार्चमध्ये द्यायचा होता, दिला नाही, करारपत्र सोबत' हे चालतं. 'चोर आहे, पैसे खातो' हे पुराव्याशिवाय लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, आणि दिवाणी दावा वेगळा. नेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामुळं आता नेटवर काहीही चालतं असं सांगणारे भेटतील. त्यांना ऐकून सोडून द्या.

चाहत्यांचं थोडक्यात: पेठेतल्या तालमीच्या संघाची साइट काढताय तर पत्त्यात 'चाहते' किंवा 'फॅन' घाला, वर 'ही संघाची अधिकृत साइट नाही' लिहा, आणि जर्सी विकायचा विचार आला की तालमीत जाऊन आधी लेखी परवानगी घ्या. विकायला लागलात की तुम्ही चाहते राहत नाही, दुकानदार होता.

सहावी पायरी: नाव नोंदवताना

डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट करून देणाऱ्याच्या खात्यात घेतलेलं डोमेन कागदोपत्री त्याचंच असतं. तो पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलेना, की नूतनीकरण कसं करायचं? घेतल्यावर 'हूइज' शोधात जाऊन नोंदणीदार म्हणून कुणाचं नाव आहे, मुदत कधी संपते, हे डोळ्यांनी बघा. तिथला ईमेल चालू असलाच पाहिजे, कारण वादाच्या नोटिसा तिकडंच येतात आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडून राहतात.

देवनागरीत 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं आणि मराठी नावाला ते शोभतंही. मात्र पडद्यामागं ते रोमन अक्षरांत बदलतं, 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीत. काही ठिकाणी लिंक पाठवली की तीच ओळ दिसते आणि गिऱ्हाईक घाबरतं. जोडीला रोमन नाव घेऊनच ठेवा.

सातवी पायरी: नोटीस आली तर

पहिल्या दिवशी काय करायचं नाही ते आधी. चिडून समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. डोमेन मामेभावाच्या नावावर करायचं नाही, ते लपवाछपवीचा पुरावा ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'दोन लाख द्या, सोडतो' असं ईमेलवर, व्हॉट्सॲपवर, फोनवर कुठंही म्हणायचं नाही. खर्चापेक्षा जास्त पैशाला मालकालाच विकायला काढणं ही दुष्ट हेतूची नियमात लिहिलेली पहिलीच खूण आहे. जगातलं या पद्धतीचं पहिलंच प्रकरण, जानेवारी २००० चं कुस्तीच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं, यावरच गेलं.

मग नोटीस शांतपणे वाचा. त्यांचा ट्रेडमार्क कुठला, कुठल्या वर्गात, कधीपासून? आयपी इंडियावर जाऊन पडताळा. त्यांच्या वापराच्या आणि नोंदणीच्या तारखेआधीपासून तुम्ही नाव सलग वापरत असाल तर कलम ३४ तुमच्या बाजूनं आहे, आणि इथं जुनी बिलं, शॉप ॲक्टचा परवाना, पेपरातली जाहिरात हे सोनं. ट्रेडमार्क खोटाच सांगितला असेल किंवा धमकी निराधार असेल, तर कलम १४२ प्रमाणे तुम्हीच दावा लावू शकता.

वकिलाच्या नोटिशीतली सात दिवसांची मुदत त्यांनी घातलेली असते, पण लवादाची मुदत खरी. डॉट कॉमच्या वादात उत्तराला २० दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी कागद बघून निकाल लागतो. एकच पंच असेल तर उत्तर देणाऱ्याला फी नाही. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि तुम्ही ते दुष्ट हेतूनं घेतलं आणि वापरलंही. तिन्ही लागतात. फायद्याचा हेतू नसलेली टीका हा न्याय्य हक्क म्हणून त्याच नियमांत लिहिलेला आहे. हरलात तर कामाच्या १० दिवसांत कोर्टात गेलात तरच अंमलबजावणी थांबते.

डॉट इनचं वेगळं. ते निक्सीच्या, म्हणजे डॉट इन नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, अखत्यारीत, एक लवाद १९९६ च्या लवाद कायद्याखाली निकाल देतो. तिथं 'घेतलं आणि वापरलं' च्या जागी 'घेतलं किंवा वापरलं' आहे. एवढ्या एका 'किंवा' मुळं तक्रारदाराचं काम हलकं होतं. चांगल्या मनानं घेतलेलं डॉट इन पुढं जाहिरातींना लावलंत तर तेवढंच पुरू शकतं.

कोर्टात दावा आला तर तो बहुधा तुमच्या गावात येणार नाही. नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या मालकाला कलम १३४ प्रमाणे स्वतःच्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे दिल्लीवाला तुम्हाला दिल्लीला बोलावणार. हेच कलम तुम्ही मालक असाल तर तुमच्या कामी येतं: तुमचा दावा कसबा बावड्यात, कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात, लागतो, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसत असल्यानं पुढच्या कामासाठी मुंबईच्या गाडीत बसावं लागत नाही.

तुमचंच नाव कुणी घेतलं असेल तर

ट्रेडमार्क काढलेला नसेल तर आधी अर्ज करा. व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. महाराष्ट्राचं कार्यालय मुंबईला, पण जावं लागत नाही. अर्ज केल्या दिवसापासून 'टीएम' लावता येतं. गोलातला 'आर' नोंदणी हातात आल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे. जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीला चार महिने असतात, आणि नोंदणी १० वर्षं चालते.

मग हिशेब करा. जिनिव्हाच्या संघटनेकडे एका पंचापुढं एक ते पाच डॉट कॉम नावांची तक्रार करायला १,५०० अमेरिकी डॉलर लागतात, वकील वेगळा. समोरच्यानं ते नाव पडीक ठेवलं असेल आणि तो पंधरा-वीस हजारांत सोडत असेल, तर तत्त्व बाजूला ठेवून विकत घेतलेलं परवडतं. तो त्या नावानं तुमच्या गिऱ्हाइकाला माल विकत असेल तर मात्र किंमत विचारत बसू नका, पुरावे गोळा करा: साइटची तारखेसह चित्रं, चुकून तिकडं गेलेल्या गिऱ्हाइकांचे संदेश, तुमची जुनी बिलं. आणि तो तुमच्यावर टीका करत असेल, शेपूट लावून, काही न विकता? मग ते डोमेन मिळायची शक्यता कमी आहे. उलट विनाकारण ओढलेलं दिसलं तर लवाद निकालातच लिहितो की तक्रारदारानं पद्धतीचा गैरवापर करून डोमेन बळकवायचा प्रयत्न केला, आणि ते निकाल इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. त्याच्या साइटवर उत्तर द्या, किंवा त्याच्या फ्लॅटचा ताबा द्या.